मनाची पुस्तकं आणि एक छोटासा 'च'

मागच्या महिन्यात आपण पिठाच्या गिरणीच्या हिशोबावर बोललो. आज जरा वेगळा विषय आहे, मनाच्या पुस्तकांचा. बस स्टँडवरच्या स्टॉलवर ती मांडलेली असतात. 'यशस्वी व्हा', 'विचार बदला' अशी मोठ्या अक्षरांची नावं. पोरं परीक्षेसाठी घेतात आणि मग ती घरात फडताळावर पडून राहतात. आमच्या गटातल्या काही जणींनी ती वाचायला घेतली. एकीने विचारलं, "ताई, यात लिहिलंय की सगळं आपल्या विचारावर आहे. मग माझ्या घरी जे चाललंय, ते माझ्याच विचाराने चाललंय का?"

हा प्रश्न साधा नाही. म्हणून आज त्यावरच बोलू.

मनाचा विचार ही शिकलेल्यांचीच मिरास, असं खान्देशात तरी कोणी म्हणू नये. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. तरी त्यांनी 'मन' नावाची कविता रचली. त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरवून ठेवल्या, आणि 1952 साली, त्या गेल्यानंतर, पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तेव्हा ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही हे ऐकावं, हे तुमचंच आहे.

आता मुद्द्याचं. अल्बर्ट एलिस नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, 1913 चा जन्म, 2007 साली गेले. त्यांच्यावर अंजली जोशी यांनी मराठीत 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी लिहिली आहे. गोष्टीसारखी आहे, वाचून दाखवायला सोपी. एलिस तरुणपणी फार लाजाळू. बायकांशी बोलायची भीती वाटायची. मग ते रोज बागेत जायचे आणि बाकावर बसलेल्या अनोळखी बाईशी मुद्दाम दोन शब्द बोलायचे. असं महिनाभरात शंभर जणींशी बोलले. लग्न काही जमलं नाही (हे ऐकून बैठकीत सगळ्या हसल्या), पण कोणी खाल्लं नाही की मारलं नाही, आणि भीती गेली. आपल्यातली जी ग्रामसभेत पहिल्यांदा उठून बोलली, तिला हे वेगळं सांगायला नको.

एलिस यांचं म्हणणं असं की घटना घडते, त्यावर आपण मनात काहीतरी म्हणतो, आणि त्या म्हणण्यातून आपली अवस्था होते. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कापसाचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकले, गटाचा हप्ता चुकला. ही घटना. बाई मनात म्हणते, "हप्ता वेळेवर भरलाच पाहिजे, नाही भरला तर मी नालायक." मग ती दोन बैठकांना येतच नाही, जेवण जात नाही, पोरांवर खेकसते. आता तीच बाई म्हणाली, "हप्ता भरायला हवा होता, चुकला हे वाईट झालं, पण त्याने मी वाईट होत नाही," तर? काळजी तिलाही वाटेल. वाटायलाच हवी. पण ती बैठकीला येईल, अडचण सांगेल, मुदत मागेल, आणि गट इतिवृत्तात तसं लिहून घेईल.

फरक बघा, कुठे आहे. पैसे दोन्हीकडे अडकलेलेच आहेत. फरक आहे तो 'पाहिजेच' मधल्या 'च' चा. सून अशीच वागली पाहिजे, सगळ्यांनी मला चांगलंच म्हटलं पाहिजे. मनातल्या मनात असले 'च' दिवसभरात किती येतात, ते एकदा मोजून बघा. दुःख होऊ नये असं एलिस म्हणत नाहीत. दुःख वेगळं आणि खचणं वेगळं, एवढंच त्यांचं सांगणं.

आता त्या मैत्रिणीचा प्रश्न. नवरा पिऊन मारतो, तर तो तिच्या विचाराने मारत नाही. विचार बदलून मार थांबत नाही. त्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. विचार बदलल्याने होईल ते एवढंच, की 'लोक काय म्हणतील' या भीतीतून ती बाहेर येईल आणि तक्रार द्यायला पाऊल उचलेल. जे पुस्तक बाईला सांगतं की तुझ्या हालाला तूच जबाबदार, ते आम्ही सरळ बाजूला ठेवतो, मग त्याच्या लाखो प्रती खपलेल्या असोत. दारूबद्दल वाचायचं असेल तर डॉ. आनंद नाडकर्णी यांचं 'मुक्तिपत्रे' मागा. पुण्याचं मुक्तांगण 1986 साली सुरू झालं, तिथलं काम त्यांना जवळून माहीत आहे.

आणखी एक. झोप उडाली, आठवडेच्या आठवडे कशात जीव लागत नाही, मरणाचे विचार येतात, तर पुस्तक उघडत बसू नका. 14416 हा सरकारी टेली-मानस नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. फोन स्वतःचा नसेल तर गटातल्या कोणाचाही घ्या.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. जळगावात व. वा. वाचनालय आहे, धुळ्यात गरुड वाचनालय आहे, पुष्कळ गावांत छोटी ग्रंथालयं आहेत. आम्ही बचतीचे पैसे मोजून झाले की दोनच पानं वाचतो. एक वाचते, बाकीच्या ऐकतात, हाताने शेंगा सोलणं चालू असतं. सध्या आमच्याकडे एलिसची बाग संपून त्यांचं पहिलं लग्न सुरू झालंय, आणि पुढे काय झालं म्हणून दोघी जणी मंगळवारच्या आधीच विचारायला येतात.