जुन्या फुलदाणीचा तळ

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, हातभर उंच काचेची फुलदाणी आवडली, तर भाव विचारण्याआधी ती उलटी करा. तळाच्या मधोमध बोटाला खरखरीत व्रण लागला, किंवा घासून गुळगुळीत केलेला खोलगट वर्तुळाकार भाग दिसला, तर ती बहुधा हाताने फुंकलेली आहे. नळीवरून सोडवण्याआधी कारागीर तप्त काचेचा तळ लोखंडी सळईला चिकटवतो आणि तोंडाला आकार देऊन झाला की सळई तोडून काढतो. तो हा व्रण. मात्र आजही काच अशीच फुंकतात, त्यामुळे एवढ्यावरून वय ठरत नाही. त्यासाठी तळाच्या कडेवरचे ओरखडे भिंगाखाली बघा. वर्षानुवर्षं सरकवून पडलेले ओरखडे बारीक आणि वेडेवाकडे असतात. सगळे एकाच दिशेने गेलेले दिसले, तर कुणीतरी पॉलिश पेपर मारला असण्याची शंका घ्या.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आतल्या पांढुरक्या थराची. तो पाण्यातल्या क्षारांचा असेल, तर व्हिनेगरने निघतो. पण फुलांचं पाणी महिनोन्‌महिने साठून राहिलं, तर ते काचेतला सोडियम ओढून घेतं आणि पृष्ठभागच खराब होतो. तो डाग धुऊन जात नाही. अशी काच ओली असताना नितळ दिसते, वाळली की पुन्हा धुरकट. म्हणून दुकानदाराने नुकतीच धुतलेली फुलदाणी पुढे केली, तर ती आतून कोरडी होईपर्यंत थांबा. घरी आणून त्यात निशिगंध ठेवलात, तर पाणी रोज बदला.