आठ स्वतःची, सहा दुसऱ्यांची

माझ्या कचेरीतील टेबलाच्या खालच्या खणात एक वही सव्वा वर्ष पडून होती. अकरावीच्या वर्गात गणिताचा तास चालू असताना एक मुलगा तीत गाणी उतरवून घेत होता. शिक्षकांनी ती काढून घेतली आणि माझ्याकडे आणून दिली. मुलगा अबोल, अभ्यासात बेताचा, मधल्या सुटीत व्हरांड्याच्या टोकाशी गिटार घेऊन बसणारा. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सर्व मुलांसमोर मी त्याला उभे केले आणि विचारले, "दुसऱ्यांच्या गाण्यांची नक्कल करण्यात आणखी किती वर्षे घालवणार आहेस? स्वतःचे असे काही आहे का तुझ्यापाशी?" मुले हसली. तो मान खाली घालून उभा राहिला. त्यानंतर व्हरांड्यात गिटार दिसली नाही आणि वही मागायलाही तो कधी आला नाही. शिस्तीचा एक प्रश्न सुटला, असे समाधान मला त्या वेळी वाटले होते.

यंदाच्या दिवाळीच्या सुटीत ते समाधान डळमळले. त्याला कारण झाल्या साठ वर्षांपूर्वीच्या सहा इंग्रजी तबकड्या.

बीटल्स म्हटले की आपल्याकडे १९६८ साली महर्षी महेश योगींच्या ऋषिकेश येथील आश्रमात येऊन राहिलेले तरुण आठवतात. माझेही ज्ञान त्यापलीकडे फारसे नव्हते. सुटीसाठी घरी आलेली कन्या म्हणाली, "बाबा, तुम्हांला नुसते शेवटचे बीटल्स ठाऊक आहेत. आधीचे ऐका, आणि क्रमाने ऐका." तिने आपल्या फोनवर त्यांच्या इंग्लंडमध्ये निघालेल्या पहिल्या सहा लाँग प्ले तबकड्या एकामागून एक लावल्या. मी पडलो शिक्षक. ऐकतानाही हाती पेन्सिल असावी लागते. कागदावर दोन रकाने आखले. एक 'स्वतःची' आणि दुसरा 'दुसऱ्यांची'. कोणते गीत कोणी रचले, हे कन्या सांगत गेली आणि मी खुणा करीत गेलो.

पहिली तबकडी 'प्लीज प्लीज मी', २२ मार्च १९६३ रोजी प्रकाशित झालेली. दोन्ही बाजू मिळून चौदा गाणी. त्यांपैकी आठ स्वतः रचलेली. उरलेली सहा अमेरिकेतील गीतकारांची, इतर गायकांनी आधीच गाऊन ठेवलेली. जगाला ज्यांनी नवे संगीत दिले असे आपण म्हणतो, त्यांच्या पहिल्या तबकडीचा जवळजवळ निम्मा भाग उसना होता! मी पेन्सिल खाली ठेवली. खणातली ती वही मला पहिल्यांदा आठवली ती याच क्षणी.

ही चार मुले मुळात होती तरी कोण? लिव्हरपूल हे इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर. तेथील साध्या घरांतली ही मुले. पॉल मॅकार्टनीचे वडील कापसाच्या व्यापाऱ्याकडे विक्रीचे काम करीत. जॉर्ज हॅरिसनचे वडील बस चालवीत. रिंगो स्टार बालपणी दोनदा दीर्घ आजाराने रुग्णालयात पडला आणि त्याची शाळा जवळजवळ बुडालीच. जॉन लेननला मावशीने वाढवले. तो सतरा वर्षांचा असताना मोटारीच्या अपघातात त्याची आई गेली. पॉलची आई त्याआधी दोनच वर्षे, १९५६ साली, कर्करोगाने गेली होती. चौघांपैकी कोणालाही स्वरलेखन वाचता येत नव्हते. विद्या मिळवायची ती कानांनी. तबकडी पुन्हा पुन्हा लावायची, बोटे तारांवर चाचपडत ठेवायची आणि हुबेहूब निघेपर्यंत थांबायचे नाही. आपल्या मुलांना 'नक्कल करतोस' म्हणून आपण जे ऐकवतो, तेच यांचे गुरुकुल होते.

या गुरुकुलाचे खडतर वर्ग भरले ते जर्मनीतील हॅम्बुर्ग या दुसऱ्या बंदरात. १९६० ते १९६२ या काळात पाच वेळा हा वाद्यवृंद तेथे गेला. खलाशांच्या वस्तीतील रात्रीच्या क्लबांत दररोज चार-चार, सहा-सहा तास वाजवायचे. एवढा वेळ भरून काढायचा तर शेकडो गाणी तोंडपाठ हवीत. ती सर्व अर्थात दुसऱ्यांची. पहिल्या खेपेस जॉर्ज अठरा वर्षांचाही नव्हता. ते उघडकीस येताच जर्मन अधिकाऱ्यांनी त्याला मायदेशी धाडले. रिंगो त्या दिवसांत तेथेच दुसऱ्या एका वाद्यवृंदात ढोल वाजवीत असे. यांच्यात तो आला १९६२ च्या ऑगस्टमध्ये. लिव्हरपूलला परतल्यावर कॅव्हर्न नावाच्या तळघरातील क्लबात त्यांनी सुमारे तीनशे वेळा कार्यक्रम केले.

ही तालीम ध्यानी घेतली म्हणजे ११ फेब्रुवारी १९६३ या दिवसाचे नवल वाटेनासे होते. पहिल्या तबकडीतील चार गाणी आधीच छोट्या तबकड्यांवर निघाली होती. उरलेली दहा लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहात त्या एकाच दिवसात मुद्रित झाली. सकाळी दहाला बसलेली मंडळी उठली ती रात्री अकराच्या सुमारास. दुपारच्या सुटीतही जेवायला न जाता, दूध पिऊन, त्यांनी सराव चालू ठेवला. फितीवर पट्टे दोनच. एकावर कंठ, दुसऱ्यावर वाद्ये. चुकले तर जोडजमव करण्यास फारसा वाव नव्हता. जॉनला सर्दी झालेली, घसा धरलेला. सर्वांत घसा फोडणारे गीत म्हणून 'ट्विस्ट अँड शाउट' शेवटासाठी राखून ठेवले होते. ते पहिल्याच प्रयत्नात साधले. दुसऱ्या प्रयत्नासाठी आवाजच उरला नाही. आज ऐकताना तो फाटलेला स्वर अंगावर काटा आणतो. हे गीतही दुसऱ्याचेच. परंतु त्या स्वरात गाणारा स्वतःचे सर्वस्व ओततो आहे, हे माझ्यासारख्या अनभिज्ञालाही कळले.

शिष्य असे होते, तर गुरू कसा होता, हे पाहण्याची उत्सुकता शिक्षकाला असणारच. डेका या कंपनीने १९६२ च्या पहिल्याच दिवशी परीक्षा घेऊन या मुलांना नाकारले होते. पुढे पार्लोफोन या तबकड्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्यांना पत्करले. मार्टिन संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले गृहस्थ. त्यांनी एका व्यावसायिक गीतकाराचे गीत मुलांपुढे ठेवले. मुलांनी ते मुद्रित केले, पण विनवले की आमचे स्वतःचे गीत निघू द्या. मार्टिन यांनी ते गीत बाजूस ठेवले. 'प्लीज प्लीज मी' हे गीत मुलांनी संथ लयीत बांधले होते. ते द्रुत करा, असे त्यांनी सुचवले, आणि ते गाजले. बाजूस ठेवलेले गीत लिव्हरपूलच्याच दुसऱ्या वाद्यवृंदाने गायले व तेही इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. म्हणजे गुरूची पारख चुकीची नव्हती. तरीही त्याने शिष्यांचे ऐकले. हा प्रसंग मला विशेष बोलका वाटतो. पहिली तबकडी इंग्लंडच्या यादीत तीस आठवडे अग्रस्थानी राहिली आणि तिला खाली उतरवले ते याच चौघांच्या दुसऱ्या तबकडीने.

ती दुसरी, 'विथ द बीटल्स', २२ नोव्हेंबर १९६३ ची. पुन्हा आठ स्वतःची, सहा दुसऱ्यांची. मात्र त्या आठांत जॉर्ज हॅरिसनने रचलेले पहिले गीत आहे. दोन मोठ्या मित्रांच्या सावलीत वावरणाऱ्या धाकट्यानेही लेखणी उचलली होती. तिसरी, 'अ हार्ड डेज नाइट', जुलै १९६४ ची. तेरा गाणी आणि तेराही जॉन व पॉल यांची! वाद्यवृंदांनी धंदेवाईक गीतकारांची गाणी गावीत, असा प्रघात असलेल्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

माझा आलेख आता सरळ वर जाणार, अशा अपेक्षेत मी होतो. तोच चौथी तबकडी आली. 'बीटल्स फॉर सेल', डिसेंबर १९६४. पुन्हा आठ स्वतःची, सहा दुसऱ्यांची!

असे का झाले? त्या एका वर्षात ही मुले दोनदा अमेरिकेला गेली, युरोपात व ऑस्ट्रेलियात फिरली, एका चित्रपटात कामे केली आणि मायदेशातही गावोगाव गात राहिली. तबकडीचे मुद्रण दौऱ्यांच्या फटींत उरकावे लागले. नवे रचायला सवड नव्हती. तेव्हा हॅम्बुर्गच्या रात्रींतील जुनी पाठांतरे कामी आली. वेष्टनावरील छायाचित्रात चौघांचे चेहरे थकलेले, हसू लोपलेले आहे. पण नीट ऐकले तर स्वतःच्या आठांत एक नवाच सूर ऐकू येतो. उत्सवी उल्हासाच्या जागी आपल्या दुबळेपणाची कबुली येऊ लागली आहे. आकड्यांत जी पीछेहाट दिसते, तिच्या पोटात पुढची वाढ चालू होती. प्रगतिपुस्तकात असे आकडे आले असते, तर त्याखाली मी लाल शाईने 'घसरण' असा शेरा लिहून मोकळा झालो असतो.

पाचव्या, 'हेल्प' या ऑगस्ट १९६५ च्या तबकडीत चौदांपैकी बारा स्वतःची. त्यांत पॉलचे 'यस्टर्डे' आहे. एकच कंठ, एक गिटार आणि सोबतीला दोन व्हायोलिने, एक व्हायोला व एक चेलो. बाकीचे तिघे त्यात नाहीतच. ज्या दिवशी पॉलने हे हळुवार गीत मुद्रित केले, त्याच दिवशी त्याने एक आरडाओरड्याचे द्रुत गीतही गायले होते. दोन्ही गळे त्याने दुसऱ्यांची गाणी गातागाताच कमावले होते. आणि डिसेंबर १९६५ ची सहावी, 'रबर सोल'. अवघ्या महिनाभरात मुद्रित झालेली चौदा गाणी, चौदाही स्वतःची. तीतील एका गीतात जॉर्जने सतार वाजवली आहे. चित्रपटाच्या चित्रीकरणात त्याला ती प्रथम दिसली होती. पुढे त्याने रविशंकरांचे शिष्यत्व पत्करले. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' या सातव्या तबकडीत त्याच्या गीताला तबल्याची साथ आहे, आणि वेष्टनावर त्या साथीदाराचे नाव छापलेले आहे: अनिल भागवत. ते नाव ऐकून आमच्या घरात सर्वांचेच चेहरे खुलले, हे सांगायला नको.

माझ्या कागदावरील आकडे असे उभे राहिले: आठ, आठ, तेरा, आठ, बारा, चौदा. नक्कल आणि नवनिर्मिती यांच्यामध्ये भिंत असते, असे मी आजवर मानत आलो. हे आकडे सांगतात की ती भिंत नसून जिना आहे, आणि जिन्यावर माणूस कधी एक पायरी खालीही उतरतो. आपल्या माळव्यातल्यांना तर हे वेगळे सांगायची गरज नसावी. देवासला येऊन ज्यांनी आपली स्वतंत्र गायकी घडवली, ते कुमार गंधर्व लहानपणी थोर गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवीत. शेजारच्या गावची ही गोष्ट मी कौतुकाने कितीदा तरी सांगितली. पण व्हरांड्यातल्या मुलाला मात्र ती लावून पाहिली नाही.

आणखी एक गोष्ट कन्येने सांगितली आणि ती माझ्या जिव्हारी लागली. जॉन लेनन शालान्त परीक्षेत सर्व विषयांत अनुत्तीर्ण झाला होता. त्याच्या खोड्यांनी शाळा त्रासलेली होती. तरीही त्याला लिव्हरपूलच्या कला महाविद्यालयात प्रवेश मिळाला, कारण त्याच्या मावशीसाठी मुख्याध्यापक विल्यम पॉबजॉय यांनी शब्द टाकला. पॉबजॉय यांना काही भविष्य दिसले होते असे नव्हे. मुलाच्या हाताला काही येते आहे, एवढे मात्र त्यांनी पाहिले आणि दार बंद होऊ दिले नाही. तेही मुख्याध्यापक आणि मीही मुख्याध्यापक.

सुटी संपल्यावर मी खणातली वही प्रथमच उघडून पाहिली. एकतीस गाणी होती. प्रत्येकाच्या माथ्यावर चित्रपटाचे, गायकाचे, संगीतकाराचे नाव सुवाच्य अक्षरांत, आणि शब्दांवर गिटारीच्या खुणा. शेवटच्या गाण्यावर कोणाचेच नाव नव्हते. त्यात खाडाखोड फार होती.

मुलगा आता बारावीत आहे. मी त्याला बोलावले आणि वही त्याच्या हाती दिली. "हे शेवटचे कोणाचे रे?" मी विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, ते अजून पुरे झालेले नाही."

जे सर्वांसमोर बोललो, ते सर्वांसमोरच मागे घेणे प्राप्त होते. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी ते घेतले. या वेळी कोणी हसले नाही. व्हरांड्याच्या टोकाशी गिटार मात्र अद्याप दिसलेली नाही. मोडलेला उत्साह एका दिवसात सांधला जात नाही, हे मी जाणून आहे. मधल्या सुटीची घंटा झाली की हल्ली मी कचेरीची खिडकी उघडी ठेवतो.