बाईची जात सोशिक नसते

हसनाबादसारख्या गावात एखादी लेक सासरहून सुजलेला गाल पदराखाली झाकून माहेरी येते. चार दिवसांत तिची समजूत काढून तिला परत पोचवलं जातं. 'पोरांकडं बघून दिवस काढ, बाई,' असं तिची आईच सांगते. आणि गाव म्हणतं, बाईची जातच सोशिक.

हा सगळ्यांत मोठा गैरसमज आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या चारांतल्या एका विवाहितेनं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार वाट्याला आलेल्या बायकांपैकी 77 टक्के जणींनी ते कधी कुणाजवळ बोलूनही दाखवलं नव्हतं. त्यांना दुखत नाही म्हणून त्या गप्प नाहीत. उठून गेलं तर टेकायला हक्काची जागा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

ही जागा जाते कशी, ते तालुक्याच्या निबंधक कचेरीत दिसतं. वडील वारले की सातबाऱ्यावर बहिणींचीही नावं लागतात. मग भाऊ गाडी करून त्यांना घेऊन येतो. फोटो निघतो, अंगठ्याचा ठसा घेतला जातो, हक्कसोड पत्रावर 'राजीखुशीने' असा शब्द पडतो. संध्याकाळी साडीचोळी होते. बहिणीनं मनात हिशेब केलेला असतो: दोन एकर मागितले तर भाऊ तुटेल, दिवाळीला कोण नेईल? माहेर टिकावं म्हणून ती वाटा सोडते, आणि वाटा सोडल्यामुळेच त्या घरात कायमची पाहुणी होते. पुढं सासरी मार बसतो तेव्हा तिच्या मागं एक खोलीसुद्धा उरलेली नसते. नोंदणी झालेलं हक्कसोड पत्र मोडायचं म्हणजे दिवाणी कोर्टाची पायरी आली.

'लग्नात खर्च केला, हुंडा दिला, तिचा वाटा फिटला,' असं बिनदिक्कत म्हटलं जातं. हुंडा 1961 पासून गुन्हा आहे, आणि तो जातो सासरच्यांच्या हातात. लेकीच्या नावावर त्यातलं काय लागतं? हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि केंद्रानं 2005 मध्ये दुरुस्ती केली. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच जन्मापासून आहे, 2005 साली वडील हयात असोत वा नसोत, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. लग्न झालं म्हणून तो जात नाही.

शेतकरी संघटनेला ही गाठ फार आधी दिसली होती. 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. पुढं संघटनेचे नेते शरद जोशी यांनी 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली: जी बाई रानात खपते, तिच्या नावावर थोडी तरी जमीन करा. अनेक शेतकऱ्यांनी खरोखर केली. मला ते आंदोलन आजही पुढे न्यावंसं वाटतं.

दुसरा गैरसमज घराचा: 'घर सासऱ्याचं, हाकललं की निघायचं.' 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. ज्या घरात ती नांदत होती, तिथून तिला मनमानीनं बाहेर काढता येत नाही, मग घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी. तिला मालकी मिळत नाही, राहण्याचा हक्क मिळतो.

'तक्रार केली की नवरा जेलात आणि संसार मोडला,' ही भीतीही खरी नाही. या कायद्याखाली ती थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडं अर्ज करू शकते किंवा संरक्षण अधिकाऱ्याची मदत घेऊ शकते. मारहाण थांबवण्याचा, घरात राहू देण्याचा, खर्चाला पैसे देण्याचा आदेश मागता येतो. मारहाण थांबवण्याचा आदेश मोडला तर गुन्हा होतो. माहेरी येऊन राहिली असेल तर अर्ज इकडच्या कोर्टातही चालतो. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर तीही नको: 1987 च्या कायद्यानं प्रत्येक बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. 181 हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

भावांनो, बहिणीला सहीला नेण्याआधी एकदा थांबा. सातबाऱ्यावर तिचं नाव राहू द्या. आणि ती सुजलेला गाल घेऊन आली, तर चार दिवसांनी तिला परत पोचवू नका.