लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती देण्याआधी

फायली डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला, तरी त्या बऱ्याचदा परत काढता येतात. म्हणून लॅपटॉप विकण्याआधी तो मूळ स्थितीला न्यायलाच हवा. त्याहीआधी फोटो-कागदपत्रांची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर घ्या आणि ती उघडते का, हे दुसऱ्या संगणकावर पाहा. ही पायरी कृपया गाळू नका.

विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी असं जाऊन ‘रिसेट धिस पीसी’ निवडा. ‘कीप माय फाइल्स’मध्ये फायली राहतात, पण आपण टाकलेली अॅप्स जातात. विकायच्या लॅपटॉपसाठी ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’च योग्य, शिवाय ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘क्लीन डेटा’ सुरू करा. त्याला काही तासही लागू शकतात, तेव्हा चार्जर लावलेलाच असू द्या. बिटलॉकर ही विंडोजची डेटा सांकेतिक करणारी सोय चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा.

अॅपलची चिप असलेल्या मॅकबुकमध्ये, मॅकओएस माँटेरेपासून (२०२१), ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ हा पर्याय आहे. तिथे डेटा मुळातच सांकेतिक रूपात असतो. तो वाचण्याची किल्लीच नष्ट केली जाते, त्यामुळे काम लवकर उरकतं.