कागदी सौदा आणि प्रत्यक्ष सौदा

बाजारातील खरे भाव घ्यावयाचे, परंतु पैसा न गुंतवता काल्पनिक खरेदीविक्री करून तिचा हिशेब ठेवावयाचा, या प्रकारास 'अनुकृत व्यापार' किंवा साध्या शब्दांत 'कागदी सौदा' म्हणता येईल. भाव खरे आणि हिशेब चोख असल्यावर त्यातून निघणारा निष्कर्षही खरा का मानू नये, हा प्रश्न साहजिक आहे.

या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण हार्वर्ड विद्यापीठातील आंद्रे पेरोल्ड यांनी १९८८ साली मांडले. 'व्हॅल्यू लाइन' या अमेरिकन संस्थेच्या प्रतवारीनुसार कागदावर रचलेल्या शेअरसंचाने १९६५ ते १९८६ या काळात बाजाराहून दरसाल सुमारे २० टक्के अधिक लाभ दाखविला. त्याच संस्थेच्या प्रत्यक्ष निधीचे आधिक्य मात्र दरसाल अवघे २.५ टक्के होते. या अंतराची मीमांसा केली असता दोन भिन्न कारणे हाती लागतात.

पहिले कारण बाजाराच्या रचनेत आहे. समजा, एका शेअरचा भाव १०० रुपये दिसत आहे व ५,००० शेअर घ्यावयाचे आहेत. त्या भावास विक्रीस केवळ ८०० शेअर असून पुढील १,२०० शेअर १००.५० रुपयांस, २,००० शेअर १०१ रुपयांस व उरलेले १,००० शेअर १०१.५० रुपयांस मिळतात. प्रत्यक्ष खर्च ५,०४,१०० रुपये होतो. कागदावर मात्र सामान्यतः ५,००,००० रुपयेच नोंदले जातात. दलाली व कर यांखेरीज हे ४,१०० रुपये केवळ खरेदीच्या भाराने गेले. याउलट, खरेदीदार '९९ रुपयांसच घेईन' म्हणून थांबला, तर त्याच्या आधी त्याच भावाची मागणी नोंदविणारांचा हक्क पहिला असतो. भाव ९९ ला स्पर्श करून परत वर गेला, तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. भाव आणखी घसरला, तर सौदा हमखास होतो. म्हणजे लाभाचे सौदे निसटतात व तोट्याचे पदरी पडतात. कागदावर दोन्ही सौदे झालेच असे धरले जाते.

दुसरे कारण मनुष्याच्या मनात आहे. चार्ल्स होल्ट व सूझन लॉरी यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना कमी व अधिक जोखमीच्या सोडतींतून निवड करावयाची होती. बक्षिसांच्या रकमा २० पटींनी वा त्याहून अधिक वाढविल्यावर, पैसा खरोखर मिळणार असेल तर माणसे स्पष्टपणे अधिक सावध झाली. रकमा काल्पनिक असताना मात्र वागणुकीत लक्षणीय फरक पडला नाही. मोठ्या रकमेसमोर आपण कसे वागू, याचा अंदाज माणसाला स्वतःलाही नसतो, असे यावरून दिसते.

येथे एक सूक्ष्म मुद्दा लक्षात घेतला पाहिजे. कागदी सौद्यावरील उपाय म्हणून अल्प रकमेचा खरा सौदा सुचविला जातो. परंतु दहा शेअरांची खरेदी बाजारास हलवीत नाही आणि तिचा तोटा झोपही उडवीत नाही. तेव्हा अल्प रकमेचा सौदाही मोठ्या सौद्याच्या दृष्टीने अंशतः लुटुपुटूचाच ठरतो. खरा भेद केवळ आभास व वास्तव यांत नसून प्रमाणातही आहे.

याचा अर्थ अनुकृत व्यापार निरुपयोगी आहे असा नव्हे. मागणी नोंदविण्याची रीत, हिशेब, नियमांचे सातत्य या गोष्टी त्यातून उत्तम शिकता येतात. आणि जी पद्धत कागदावरही तोट्यात जाते, ती त्याज्य ठरविण्यास तेवढा पुरावा बहुधा पुरेसा असतो. मात्र कागदावरील नफा हा प्रत्यक्ष नफ्याचा पुरावा नव्हे. 'सेबी'ने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. त्या बाजारात उतरणाऱ्याने कागदी यशाचा कितपत भरवसा धरावा, हे यावरून उघड होते.