विश्लेषण : चार वजनांत ४० किलो! संतुलित त्रिमान पद्धत आहे तरी काय?

दोन पारड्यांचा जुना तराजू आहे आणि १ ते ४० किलोपर्यंत कितीही (पूर्ण किलोत) धान्य मोजून द्यायचे आहे. त्यासाठी कमीत कमी किती वजने लागतील? वजने एकाच पारड्यात ठेवायची असतील तर १, २, ४, ८, १६ आणि ३२ किलोची, म्हणजे सहा. पण धान्याच्या पारड्यातही वजन ठेवण्याची मुभा असेल, तर १, ३, ९ आणि २७ किलोची चारच पुरतात. फ्रेंच गणिती बाशे यांच्या सतराव्या शतकातील पुस्तकामुळे हे कोडे प्रसिद्ध झाले.

२५ कसे लिहायचे?

२५ किलोसाठी २७ आणि १ ही वजने समोरच्या पारड्यात, तर ३ किलोचे धान्याच्या बाजूला ठेवायचे. २७ – ३ + १ = २५. ९ किलोचे वजन बाजूलाच राहते. हीच मांडणी म्हणजे २५ चे संतुलित त्रिमान रूप. पाया तीन, पण अंक ०, १, २ नव्हे तर १, ० आणि उणे १. उणे एकासाठी ‘उ’ वापरला तर २५ म्हणजे ‘१०उ१’.

गंमत पुढे आहे. उणे २५ लिहायला वेगळे चिन्ह लागत नाही. प्रत्येक १ चा ‘उ’ आणि ‘उ’ चा १ केला की झाले : ‘उ०१उ’. संख्या सम की विषम, हे शून्येतर अंक मोजून कळते. २५ मध्ये ते तीन, म्हणून विषम. २६ (‘१००उ’) मध्ये दोन, म्हणून सम. कारण ३ चे सगळे घात विषमच असतात. शिवाय शेवटचा अंक शून्य केला की ३ ची सर्वांत जवळची पट आपोआप मिळते : २५ चे २४ होतात, २६ चे २७. दशमान पद्धतीत मात्र २६ चा शेवटचा अंक शून्य केला, तर जवळचे ३० सोडून २० हाती येतात.

यावर संगणक बनला होता?

हो. मॉस्को विद्यापीठात निकोलाय ब्रुसेन्त्सोव्ह यांच्या चमूने १९५८ मध्ये ‘सेतुन’ हा त्रिमान संगणक उभा केला. सुमारे ५० यंत्रे तयार झाली आणि १९६५ मध्ये उत्पादन थांबले. तोवर जगाने द्विमान पद्धतीची वाट धरली होती. सेतुनचीही एक अडचण होतीच : एक त्रिमान अंक साठवायला दोन चुंबकीय गाभे लागत, ज्यांत दोन बिट मावले असते.

मोबाइलशी संबंध काय?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषिक प्रारूपांत अब्जावधी आकडे साठवावे लागतात. ते फोनमध्ये मावणे कठीण. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या ‘बिटनेट’च्या आवृत्तीत यातील बहुतेक आकडे फक्त उणे १, ० किंवा १ असतात. त्यांच्याशी गुणाकार म्हणजे प्रत्यक्षात बेरीज, वजाबाकी किंवा काहीच नाही. त्यामुळे स्मृती आणि वीज दोन्ही वाचतात.

मात्र आजची चिप द्विमानच आहे. तीन पर्यायांसाठी दोन बिट द्यावे, तर चारपैकी एक जागा वाया, म्हणजे पुन्हा सेतुनचेच दुखणे. त्यावरचा एक तोडगा साध्या मोजणीतून निघतो : पाच त्रिमान अंकांच्या २४३ मांडण्या होतात आणि आठ बिटांच्या २५६. म्हणून पाच अंक एका बाइटमध्ये बसवता येतात.