बालवाडीतल्या उलट्या आणि खिचडीवरचा आळ

बालवाडीत एका पोराला उलटी होते. दोन दिवसांत आणखी पाच-सहा पोरं झोपतात, मग त्यांच्या आया, आज्या. लगेच कुजबुज सुरू होते : खिचडीत काहीतरी होतं. स्वयंपाक करणारी ताई बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतली असते. बाहेरचे तर सरळ म्हणून मोकळे होतात, ‘त्यांच्या वस्तीत घाणच असते.’

खिचडीची आणि पाण्याची तपासणी व्हायलाच हवी. पण अशी साथ पुष्कळदा नोरोव्हायरस नावाच्या विषाणूची असते आणि तो जात, वस्ती काही विचारत नाही. त्याचं नावच अमेरिकेतल्या नॉरवॉक गावावरून पडलं. १९६८ साली तिथल्या एका प्राथमिक शाळेत २३२ विद्यार्थी-शिक्षकांपैकी ११६ जण आजारी पडले, पाठोपाठ त्यांच्या घरच्यांपैकी साधारण एक तृतीयांश. तिथल्या रुग्णांच्या नमुन्यात १९७२ साली हा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये केरळात काक्कनाडच्या शाळेत पहिलीच्या मुलांना याचीच लागण झाली होती.

लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत अचानक उलट्या, जुलाब, पोटात कळा. बहुतेक मुलं एक ते तीन दिवसांत बरी होतात. अँटिबायोटिकचा यावर उपयोग नाही, तेव्हा गोळ्या-इंजेक्शनचा हट्ट धरू नका. बाळाला दिलेली रोटाव्हायरसची लस चांगलीच, पण ती या विषाणूसाठी नाही.

जिवाला धोका असतो तो अंगातलं पाणी आटण्याचा. ओआरएसचं पाकीट आशाताईंकडे मिळतं. मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सगळंच्या सगळं घाला. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा पाजा. अंगावरचं दूध बंद करू नका. दुकानातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसलं किंवा पाणीही पोटात ठरेना, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

सॅनिटायझरवर विसंबू नका, या विषाणूवर तो नीट चालत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं. उलटी तोंडाला फडकं बांधून जुन्या कापडाने टिपा, कापड पिशवीत बांधून टाका. मग एक लिटर पाण्यात तीन सपाट चहाचे चमचे ताजी ब्लीचिंग पावडर कालवून जागा ओली करा, दहा मिनिटांनी पुसा. त्यात संडासचं ॲसिड मुळीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास मुलाला शाळेत पाठवायचं नाही. हे लिहायला सोपं आहे. धुण्याभांड्याच्या कामावर गेलं नाही तर पगार कापला जातो, हे आम्ही जाणतो. म्हणून शेजारणींनी आळीपाळीने त्या घरी जाऊन बसावं, पण आजारी मूल दुसऱ्या पोरांत आणून ठेवू नये. रविवारी विहारातल्या वंदनेलाही नको. आणि पौर्णिमेच्या खीरदानाला ज्यांना नुकत्याच उलट्या झाल्या असतील त्यांनी दोन दिवस पातेल्याला हात लावू नये, त्यात कमीपणा नाही.

खिचडीवाल्या ताईला जाब विचारायच्या आधी बालवाडीत जाऊन पाहा : पोरांच्या हाताला पोचेल असा नळ आहे का, नळाला पाणी आहे का, साबण आहे का. नसेल तर पालकांच्या सह्यांचा लेखी अर्ज मुख्य सेविकेकडे द्या आणि पोच घ्या.